'ओ' आईवडिलांचे 'बी' मूल

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रक्तदानावरील लेखाशेजारी आपण 'रक्तगट आणि आनुवंशिकता' अशी एक चौकट छापली होती. तिच्यात असे विधान आहे की, आई व वडील दोघांचाही रक्तगट 'ओ' असेल तर अपत्याचा गट 'ओ' हाच असतो, दुसरा कोणताही गट असणे अशक्य आहे, कारण रक्तगट ठरवणारी लाल पेशींवरची जनुके आईवडिलांकडूनच येतात. या एका वाक्यात दोन चुका आहेत. लाल पेशींवर जनुके असतात ही पहिली पाठ्यपुस्तकी आहे आणि तिच्याकडे एरवी मी काणाडोळा केला असता. 'अशक्य' ही दुसरी मात्र एखाद्या घरात भांडण लावून देऊ शकते. शिवाय ज्या अपवादाचे नावच आपल्या शहरावरून पडले आहे, तो मुंबईच्याच वर्तमानपत्राने विसरावा हे फार खटकले, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

मी परळ भागातील एका रक्तपेढीत ३१ वर्षे तंत्रज्ञ होते. निवृत्तीच्या काही वर्षे आधी एके दुपारी खिडकीशी एक तरुण बाई येऊन उभी राहिली. तिच्या हातात रक्तगटाच्या तीन चिठ्ठ्या होत्या : तिची 'ओ', नवऱ्याची 'ओ' आणि दीड वर्षाच्या मुलाची 'बी'. पाळणाघराच्या फॉर्मवर मुलाचा रक्तगट लिहायचा होता म्हणून तपासणी झाली होती, आणि घरातल्या कोणीतरी शाळेच्या पुस्तकातला तक्ता उघडून दाखवला होता. "यातली कुठली चिठ्ठी चुकली आहे तेवढं सांगा," इतकेच ती म्हणाली. मागे उभा असलेला नवरा काहीच बोलला नाही.

मी तिघांचेही रक्त पुन्हा घेतले. पांढऱ्या टाइलवर तिच्या रक्ताचे थेंब ठेवले, एकात निळे अँटी-ए आणि दुसऱ्यात पिवळे अँटी-बी मिसळले, काडीने पसरले आणि टाइल हलवत राहिले. पेशी 'ए' किंवा 'बी' असतील तर त्या त्या थेंबात त्या गोळा होऊन कण दिसतात. दोन्ही थेंब एकसारखे तांबडे राहिले, कुठेही कण दिसेना, म्हणजे 'ओ'. इथपर्यंत बाहेरच्या लॅबचे काहीच चुकले नव्हते. मग उलट तपासणी केली, जी रक्तपेढीत नेमाने होते पण नाक्यावरच्या लॅबमध्ये बहुधा होत नाही : तिचा सिरम (रक्त गोठल्यावर उरणारा पिवळसर द्रव) नळीत घेतला, त्यात खात्रीच्या 'ओ' गटाच्या पेशी घातल्या आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली. 'ओ' पेशींना सहसा कुणाचाच सिरम गोळा करत नाही, म्हणून तर आपण 'ओ' गटाच्या दात्याला सर्वांचा दाता म्हणतो. नळीला टिचकी मारली तर तळाशी बसलेल्या पेशी सुट्या होईनात. त्यांचा एकच घट्ट गोळा झाला होता. शेवटी अँटी-एच ('ओ' पेशींवर असणारी 'एच' ही खूण ओळखणारे द्रावण) लावून पाहिले, जे एका काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांपासून काढतात. खऱ्या 'ओ' गटाच्या पेशी त्यात भराभर एकत्र येतात. तिच्या आल्या नाहीत. चिठ्ठीवर 'ओ' असलेली ही बाई प्रत्यक्षात 'बॉम्बे' गटाची होती, आणि या गटाच्या आईला 'बी' मूल होण्यात काहीही अशक्य नाही.

ते कसे, हे सांगायचे तर जनुक पेशीत नेमके काय काम करते इथून सुरुवात करावी लागते, आणि आपल्या चौकटीची गल्लत तिथेच झाली आहे.

लाल पेशींवर जनुके नसतात. पूर्ण वाढलेल्या लाल पेशीच्या आतही ती नसतात. अस्थिमज्जेत लाल पेशी तयार होत असताना तिच्यात इतर पेशींप्रमाणेच केंद्रक असते, पण रक्तात उतरण्यापूर्वी ती केंद्रक बाहेर टाकून देते आणि पुढचे सुमारे १२० दिवस जनुकांवाचून काढते. केंद्रक गेल्यावरही काही काळ जुन्या आज्ञा आणि त्या वाचणारी यंत्रणा तिच्यात शिल्लक असते. अशा कोवळ्या पेशींना आम्ही 'रेटिक' म्हणतो. रक्ताच्या थेंबात न्यू मिथिलीन ब्लू मिसळून, थोडा वेळ ठेवून स्लाइड केली आणि तेलाच्या भिंगाखाली धरली की बहुतेक पेशी फिकट हिरवट-निळ्या थाळ्यांसारख्या दिसतात, आणि शंभरात एखाद-दुसऱ्या पेशीत गडद निळ्या धाग्यांची विसविशीत जाळी दिसते. ती जाळी म्हणजे रंगामुळे गोळा झालेले रायबोसोम होत. रक्तक्षयाच्या रुग्णाला लोहाच्या गोळ्या लागू पडल्या की आठवड्याभरात ही जाळीदार पेशींची संख्या वाढते आणि डॉक्टर खूश होतात. प्रथिने बनवणारी यंत्रणा साध्या सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांना दिसावी अशी ही सोपी जागा आहे. मी ती हजारो वेळा मोजली, पण ते रायबोसोम असतात हे मला नोकरीला लागल्यावर दहा वर्षांनी कळले, हेही कबूल करते. आम्हाला मोजायला शिकवले होते, काय मोजतो आहोत ते नव्हते.

आता जनुकाकडे येते. प्रथिनाच्या जनुकाला सांगता येते ती गोष्ट एकच : प्रथिनाच्या माळेत कोणती अमिनो आम्ले (म्हणजे तिचे मणी) कोणत्या क्रमाने ओवायची. डोळ्यांचा रंग, उंची, रक्तगट यांतले त्यात काहीही लिहिलेले नसते. डीएनएच्या लिपीत चारच अक्षरे आहेत, ए, टी, जी आणि सी (यातल्या 'ए'चा रक्तगटाच्या 'ए'शी काहीही संबंध नाही), आणि ती तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात. चार अक्षरांचे तीन-तीनचे गट पाडले तर ६४ प्रकार होतात. त्यांपैकी ६१ गट २० अमिनो आम्लांपैकी कोणते ना कोणते सांगतात, म्हणजे बऱ्याच आम्लांना एकाहून अधिक नावे आहेत, आणि उरलेले तीन गट 'इथे थांबा' असे सांगतात. हा शब्दकोश १९६१ ते १९६६ या पाच वर्षांत उलगडला. १९६१ साली मार्शल निरेनबर्ग आणि हाइन्रिख मथाई यांनी जिवाणूंच्या पेशी फोडून काढलेल्या रसात केवळ 'यू' या एकाच अक्षराची बनवलेली आरएनएची साखळी टाकली (जनुकाची नक्कल आरएनएची असते आणि तिच्यात 'टी'च्या जागी 'यू' येतो), तेव्हा त्यातून फिनाइलॲलनिन या एकाच अमिनो आम्लाची माळ तयार झाली. म्हणजे 'यूयूयू' या शब्दाचा अर्थ कळला. पुढे अखंड पंजाबातील रायपूर या खेड्यात जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांनी दोन-दोन, तीन-तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येणाऱ्या साखळ्या प्रयोगशाळेत घडवल्या आणि बाकीच्या पुष्कळ शब्दांचे अर्थ पक्के केले. निरेनबर्ग, खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी.

जनुक वाचले जाते ते थेट नव्हे. सरकारी कचेरीतून कधी नक्कल काढलेल्या माणसाला ही पद्धत लगेच समजेल : मूळ दप्तर दप्तरखान्याबाहेर जात नाही, हवी त्या पानाची नक्कल मिळते आणि सगळे काम त्या नकलेवर चालते. पेशीचे दप्तर केंद्रकात असते. आरएनए पॉलिमरेज नावाचे विकर (एन्झाइम, म्हणजे पेशीतले एखादे काम घडवून आणणारे प्रथिन) डीएनएचा पीळ हव्या त्या जागेपुरता उसवते, दोनपैकी एका धाग्यावरून अक्षर न् अक्षर वाचत जाते आणि 'टी'च्या जागी 'यू' घालून त्याची आरएनएची प्रत काढते. मागे उसवलेला पीळ पुन्हा बसत जातो. या प्रतीला संदेशवाहक आरएनए म्हणतात, आणि एका जनुकाच्या अशा कितीही प्रती निघू शकतात. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या पेशीत हिमोग्लोबिनच्या नकलांचा ढीग असतो आणि मेंदूच्या पेशीत, दप्तर तेच असूनही, ते पान सहसा उघडलेच जात नाही.

नक्कल निघाली की लगेच वापरता येत नाही, कारण माणसाच्या बहुतेक जनुकांत कामाच्या मजकुराच्या मधे मधे बिनकामाचा मजकूर असतो, हे १९७७ मध्ये लक्षात आले. तो कापून टाकून उरलेले तुकडे नेमके जोडावे लागतात, आणि कुठे कापायचे याची खूण त्या बिनकामाच्या मजकुराच्या टोकांशीच असते. म्हणून 'बिनकामाचा' हा शब्द मी जपून वापरते आहे. भारतात बीटा थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिन पुरेसे न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचे) जे कारण सर्वांत जास्त आढळते, त्यात अमिनो आम्ल सांगणारे एकही अक्षर बदललेले नसते. बीटा ग्लोबिन जनुकातील पहिल्या बिनकामाच्या तुकड्याचे पाचवे अक्षर 'जी'ऐवजी 'सी' झालेले असते, एवढेच. पण त्यामुळे कापण्याची जागा नीट ओळखू येत नाही, कात्री भलतीकडे चालते, बहुतेक नकला बिघडतात, आणि दोन्ही बाजूंनी हे जनुक आलेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. आमच्या पेढीतून जाणाऱ्या पिशव्यांतल्या कितीतरी अशा मुलांसाठी जात. लग्नाआधी थॅलेसेमिया मायनरची (एकाच बाजूने बिघडलेले जनुक आले आहे का याची) तपासणी करा असे आम्ही घसा कोरडा करून सांगत असू, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

साफ झालेली नक्कल केंद्रकाच्या छिद्रांतून बाहेर येते आणि तिच्यावर रायबोसोम बसतो. हा दोन भागांचा, आरएनए आणि प्रथिने मिळून झालेला गठ्ठा आहे. त्याची अणूअणूची रचना ज्यांनी उलगडली त्यांच्यात तमिळनाडूत जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन हे एक आहेत आणि त्याबद्दल त्यांना थॉमस स्टाइट्झ व आडा योनाथ यांच्यासह २००९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या रचनेतून कळलेली एक गोष्ट मला अजूनही नवलाची वाटते : दोन अमिनो आम्ले जोडण्याचे मुख्य काम रायबोसोममधली प्रथिने करीतच नाहीत, ते त्यातला आरएनए करतो.

रायबोसोमला मात्र तीन अक्षरांचा अर्थ कळत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही आणि शाळेत कोणी सांगतही नाही. अर्थ कळतो तो दुभाष्यांना. हे दुभाषी म्हणजे ट्रान्सफर आरएनए नावाचे छोटे रेणू असून त्यांच्या एका टोकाला नकलेवरच्या तीन अक्षरांशी जुळणारी उलट अक्षरे असतात आणि दुसऱ्या टोकाला एक अमिनो आम्ल टांगलेले असते. रायबोसोम एवढेच पाहतो की समोर आलेल्या दुभाष्याची अक्षरे नकलेशी जुळतात की नाही. जुळली तर त्याच्या टोकाचे आम्ल माळेत जोडले जाते आणि रायबोसोम तीन अक्षरे पुढे सरकतो. त्या टोकाला चुकीचे आम्ल टांगले असेल तर रायबोसोमला पत्ताही लागणार नाही. त्यामुळे खरी राखण त्याआधीच्या पायरीवर असते : प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक वेगळे विकर असते, ते योग्य दुभाष्याला योग्य आम्लच चिकटवते, आणि त्यांतली काही विकरे चुकून चिकटवलेले आम्ल तपासून काढूनही टाकतात. क्रॉसमॅचच्या (दाता आणि रुग्ण यांचे रक्त जुळवून पाहण्याच्या) टेबलावर बसून लेबल दोनदा वाचायची सवय लागलेल्या माणसाला या विकरांविषयी आपुलकी वाटली तर नवल नाही.

काम सुरू होते ते 'एयूजी' या शब्दापासून. तोच मेथिओनिन या आम्लाचाही शब्द आहे, त्यामुळे नवी माळ मेथिओनिनपासूनच ओवायला घेतली जाते, पुष्कळदा नंतर ते काढून टाकले जात असले तरी. माणसाच्या पेशीत एक रायबोसोम सेकंदाला साधारण पाच-सहा आम्ले जोडतो. म्हणजे हिमोग्लोबिनची १४६ आम्लांची बीटा साखळी जेमतेम अर्ध्या मिनिटात तयार होते. एका नकलेवर एकामागून एक असे अनेक रायबोसोम चालत असतात, आणि असे किती तरी धागे एकाच वेळी चालू असतात, म्हणून तर एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू भरता येतात. 'थांबा' हा शब्द आला की त्याला जुळणारा दुभाषी नसतो. त्याच्या जागी एक वेगळे प्रथिन येऊन बसते, माळ सुटते आणि रायबोसोमचे दोन भाग अलग होतात. पुढे ती माळ आपल्या आम्लांच्या स्वभावाप्रमाणे घडी घालून विशिष्ट आकार घेते, आणि तो आकार हेच तिचे काम असते.

आता यात रक्तगट कुठे येतो? रक्तगटाच्या 'ए' आणि 'बी' या खुणा मुळात प्रथिनांच्या नाहीतच. लाल पेशीच्या पृष्ठभागावर ज्या शर्करांच्या साखळ्या असतात, त्यांच्या टोकाला असलेली एक शर्करा म्हणजे ती खूण. आणि शर्करा कुठे जोडायची हे डीएनए थेट सांगू शकत नाही, कारण त्याला अमिनो आम्लांच्या क्रमाखेरीज काही सांगता येत नाही, हे वर आलेच. म्हणून डीएनए ती शर्करा जोडणाऱ्या विकराचा क्रम सांगते. मज्जेतल्या वाढत्या पेशीत हे विकर तयार होऊन गॉल्जी नावाच्या पडद्यांच्या चळतीत जाऊन बसते, आणि तिथून जाणाऱ्या साखळ्यांच्या टोकाला आपली शर्करा चिकटवते. 'ए'चे विकर एक शर्करा लावते आणि 'बी'चे दुसरी. गंमत म्हणजे ही दोन्ही विकरे ३५४ आम्लांची असून त्यांच्यात केवळ चार आम्लांचा फरक आहे. दोन्ही जनुके आली तर दोन्ही विकरे बनतात आणि गट 'एबी' होतो.

'ओ' गटाच्या बहुतेक लोकांत या जनुकातले एकच अक्षर गळालेले असते. एका अक्षराने एवढे काय बिघडते ते मराठीतच दाखवते. 'कमल वरण गरम करव' हे वाक्य पाहा; तीन-तीन अक्षरांचे चार शब्द आहेत आणि काना-मात्रा नाही. यातला 'कमल'मधला 'ल' गाळा, पण वाचणाऱ्याला तीन-तीन अक्षरांनीच वाचायची सक्ती करा. वाक्य होते, 'कमव रणग रमक रव'. पहिला शब्द योगायोगाने अर्थाचा निघाला, पण त्यापुढे सगळा गोंधळ. 'ओ'च्या जनुकात हेच होते : २६१ वे अक्षर गळते, तिथून पुढचे सगळे गट सरकतात, भलतीच आम्ले ओवली जातात, आणि या सरकलेल्या वाचनात लवकरच 'थांबा' हा शब्द लागतो. एक तृतीयांश लांबीचे निकामी प्रथिन बनते. टोकाला ना 'ए'ची शर्करा लागते ना 'बी'ची. उरते ती खालची उघडी साखळी, आणि तिच्या टोकाशी असलेल्या खुणेला 'एच' म्हणतात.

ही 'एच'ची खूण मात्र आपोआप आलेली नसते, आणि चौकटीतले 'अशक्य' इथेच कोसळते. ती लावणारे विकर वेगळे आहे, आणि त्याचे जनुकही वेगळ्या गुणसूत्रावर आहे. ए-बी-ओचे जनुक ९ व्या गुणसूत्रावर, तर 'एच'चे १९ व्या. 'ए' आणि 'बी'ची विकरे आपली शर्करा फक्त 'एच'वरच चढवू शकतात. 'एच'चे विकर बिघडले, तर 'बी'चे जनुक शाबूत असेल, त्याची नक्कल निघेल, रायबोसोम चालतील, विकर अगदी निर्दोष घडेल आणि गॉल्जीत जाऊन तयार बसेल, पण शर्करा चढवायला त्याला जागाच मिळणार नाही. टाइलवर असे रक्त 'ओ'सारखे दिसते. बॉम्बे गटाच्या भारतीय लोकांत सर्वाधिक आढळणारा बदल अगदी छोटा आहे : 'एच'च्या जनुकातले ७२५ वे अक्षर 'टी'ऐवजी 'जी' झालेले असते, त्यामुळे २४२ व्या जागी ल्युसिनऐवजी अर्जिनिन येते. इथे काही गळालेले नाही, तेव्हा पुढचे वाचन सरकत नाही; 'कमल मरण गरम करव' असे झाले म्हणा, बाकी सगळे जागच्या जागी. तरी ते एक आम्ल विकर निकामी करायला पुरते.

या गटाचा शोध १९५२ साली परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला आणि तो 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डीएनएच्या दुहेरी पिळाची रचना त्यानंतर एक वर्षाने, १९५३ साली जाहीर झाली. ए-बी-ओ आणि 'एच' ही दोन्ही जनुके प्रत्यक्ष हाती लागायला १९९० उजाडले. म्हणजे जनुक आणि दिसणारा गुण यांच्या मध्ये काहीतरी आहे, आणि तिथे एकाच्या कामावर दुसऱ्याचे काम अवलंबून असते, हे परळच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांनी आधीच दाखवून ठेवले होते. शाळेत मात्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' या प्रकरणात प्रतिलेखन आणि भाषांतरण पाठ करून घेतात, रक्तगटाचा तक्ता दुसरीकडेच शिकवतात, आणि दोहोंची गाठ कोणी घालून देत नाही. त्या तक्त्यात 'जनुक ओ, म्हणून गट ओ' असे थेट लिहिलेले असते. आपली चौकट तिथूनच आली असावी असा माझा अंदाज आहे.

त्या बाईच्या बाबतीत पुढे तिच्या माहेरच्यांना बोलावून तपासले. तिची आई आणि भाऊ 'बी' निघाले. वडील हयात नव्हते. तिला आईकडून 'बी'चे चांगले जनुक मिळाले होते आणि दोन्हींकडून 'एच'चे बिघडलेले. नवरा साधा 'ओ' होता, म्हणजे त्याच्याकडे 'एच'चे चालू जनुक होते. मुलाला आईकडून 'बी' आणि वडिलांकडून 'एच' मिळाले, आणि आईच्या पेशीत आयुष्यभर रिकामे बसलेले विकर मुलाच्या पेशीत कामाला लागले. मी हे सगळे एका जुन्या रिपोर्टच्या पाठीमागे चौकोन काढून दोघांना समजावले. नवऱ्याने तो कागद मागून घेतला, घडी करून खिशात ठेवला. बाईने विचारले ते वेगळेच : "मग मला कधी रक्त लागलं तर?" प्रश्न रास्त होता. या गटाच्या माणसाच्या रक्तात 'एच'विरुद्ध प्रतिपिंडे ('एच' असलेल्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने) असतात, त्यामुळे त्याला साध्या 'ओ'ची पिशवी चढवली तर जिवावर बेतते. बॉम्बे गटाचेच रक्त लागते, आणि असा माणूस आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक असतो. तिचे नाव आमच्या दुर्मिळ दात्यांच्या वहीत गेले, आणि पुढच्या सहा वर्षांत ती चार वेळा रक्तदान करून गेली.

तेव्हा वाचकांना माझे सांगणे एवढेच की, रक्तगटाच्या चिठ्ठीवरून पितृत्वाचा निकाल लावू नये. त्यासाठी डीएनए चाचणी असते, आणि तीही कोणी उगाच करू नये. आपल्याला विनंती आहे की, येत्या रविवारी ती चौकट दुरुस्त करून छापावी. मजकूर सुचवते : 'आई व वडील दोघांचाही रक्तगट "ओ" असल्यास अपत्याचा गट बहुतेक वेळा "ओ" असतो. तो वेगळा आल्यास आई, वडील आणि मूल या तिघांचीही रक्तपेढीत उलट तपासणी व अँटी-एच चाचणी करून घ्यावी. दोघांपैकी एक जण बॉम्बे रक्तगटाचा असू शकतो.' लाल पेशींवरच्या जनुकांचा उल्लेख पूर्ण वगळावा.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, परळ, मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)